उलथनं न लावता

"मटार आधी काढ भाईर," आई म्हणाली. "दादा उठायच्या आत उरकाया पायजे."

सकाळचे सहा वाजले होते. मे महिना होता, आणि माझा भाऊ बाहेरच्या खोलीत पंखा पूर्ण सोडून झोपला होता. आदल्या दुपारी तो बडोद्याहून आला होता. ज्योत्स्नावहिनी आणि मुलं पुण्यातच तिच्या माहेरी उतरली होती. दरवर्षी असंच असायचं. सासवडला चार दिवस एकट्या दादाचे, आणि त्या चार दिवसांतल्या पहिल्या सकाळी त्याला मटार घातलेल्या तिखट शेवया लागायच्या.

मी फ्रीजरमधून दुधाची पिशवी काढली. पिशवी दुधाची, आत मटार. डिसेंबरात दिवे गावाहून चुलतभाऊ शेंगांचं पोतं पाठवायचा. मी आणि आई ओसरीवर बसून ते सोलायचो, दाणे गरम पाण्यातून काढायचो आणि दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरून, रबर लावून फ्रीजरमध्ये ठेवायचो. त्यातल्या तीन पिशव्या सगळ्यात खाली, बर्फाला चिकटून असायच्या. त्यांना हात लावायचा नाही. एकदा मार्चमध्ये घरात भाजी नव्हती म्हणून मी त्यातली एक काढली, तर आई म्हणाली, "ठेव ती. दादाची हाय." मी ठेवली आणि आम्ही दोघींनी पिठलं खाल्लं. उन्हाळ्यात सासवडला मटार मागणाऱ्या माणसाला कुणीही वेड्यात काढेल, पण आमच्या दादाला ते मागावेही लागत नसत.

"पाणी उकळलं का?" आईनं विचारलं.

"उकळतंय."

"साखर टाक चिमूटभर. रंग ऱ्हातो."

"माहितीये गं मला."

ती पाटावर भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही हात पदराखाली. मी ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होते.

शेवया आमच्या घरच्या. आमच्या आळीत शेवया म्हणजे दूध-गूळ घालून करायचा गोड पदार्थ, सणावाराला नाही तर जावई आला की. पण दादा पाचवीत असताना त्याला गोडाचा तिटकारा बसला. डबा तसाच परत यायला लागला, तेव्हा आईनं एक दिवस शेवयांना मोहरी-मिरचीची फोडणी दिली आणि वरून मटार घातले. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या म्हणे. दादानं मात्र डबा चाटूनपुसून रिकामा आणला. त्या दिवसापासून आमच्या घरात मटारच्या शेवया हा दादाचा पदार्थ झाला.

आणि तो करायची आईची एक रीत होती. शेवई लांब ठेवायची, मोडायची नाही. तांबूस भाजायची, फोडणीत मटार परतायचे, बेताचं गरम पाणी घालून झाकण ठेवायचं. एकदा शेवई कढईत पडली की उलथनं लावायचं नाही. दोन्ही कान फडक्यानं धरायचे आणि कढईला असा हिसका द्यायचा की आतलं सगळं वर उडून, उलटं होऊन परत आत बसेल. "उलथनं लावलं की शेवई मेली," असं ती म्हणायची. मी लहान असताना तो हिसका बघायला ओट्याशी उभी राहायची. एक मटारसुद्धा बाहेर पडायचा नाही.

त्या सकाळी तो हिसका मी दिला. तीन वर्षं मीच देत होते.

आईला कंपवात होता. आधी उजवा हात, वर्षभरात डावाही. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि परतीच्या एसटीतून सासवड स्टँडवर उतरल्या उतरल्या आई मला म्हणाली होती, "दादाला कळू द्यायचं न्हाई." मला वाटलं, लांब राहणाऱ्या मुलाला काळजी नको म्हणून म्हणत असेल. आठवड्याभरात सांगेल. आठवडा कसला, तीन वर्षं झाली.

आणि सोपं होतं ते. दादा राहायचा चार दिवस. स्वयंपाक तो उठायच्या आत व्हायचा. पुरुषांची पंगत आधी आणि बायका मागाहून, ही आमच्याकडची जुनी रीत आईच्या कामी आली. दादानं आईला जेवताना बघितलंच नाही. तो हात धुऊन बाहेर गेला की मी स्वयंपाकघराचं दार लोटायची आणि तिला एकेक घास भरवायची. वर्षभर तिला न्हाऊ घालणं, तिची वेणी घालणं, निऱ्या खोचणं, कढी-आमटी चमच्यानं पाजणं, सगळं माझ्याकडे. रविवारी दादाचा फोन आला की रिसीव्हर मी तिच्या कानाशी धरायची, कारण तिनं धरला की तो चष्म्याच्या काडीवर टकटक आपटायचा आणि तिकडे ऐकू जायचं. मी रिसीव्हर धरून उभी आणि ती फोनमध्ये सांगायची, "व्हय रे, मीच केल्या आज भाकरी. मला काय धाड भरलीया?"

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझं लग्न बाविसाव्या वर्षी झालं आणि चोविसाव्या वर्षी मी परत आले. का, ते इथे महत्त्वाचं नाही. नगरपालिकेच्या वाचनालयात मला अर्धवेळ काम मिळालं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते असेपर्यंत त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. दादानं मात्र मनातल्या मनात माझ्या नावापुढे एक फुली मारून ठेवली होती. परत आलेली बहीण म्हणजे न निघणारा पाहुणा, असं त्याचं मत. तो ते बोलायचा नाही, पण घरात आला की मला बघून त्याच्या कपाळावर जी आठी पडायची, ती मला पाठ होती.

तर त्या सकाळी शेवया झाल्या. मी कोथिंबीर, खोबरं पेरलं, गॅस बंद केला आणि बाजूला झाले. आई उठली आणि ओट्याशी जाऊन उभी राहिली. हे आमचं ठरलेलं होतं. दादा डोळे चोळत आत आला तेव्हा त्याला कढईपुढे आई दिसली.

"वा!" तो म्हणाला. "वास बाहेरपर्यंत आला. आई, तू झोपतेस तरी कधी?"

"म्हातारपणी झोप कुठली रं. बस. कुंदे, ताट वाढ त्याला."

मी वाढलं. दादानं पहिला घास घेतला, बोटांनी एक लांब शेवई उचलून उजेडात धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"बघ. अख्खी. ज्योत्स्ना करते तर नुसता चुरा होतो. हे आईलाच जमतं."

 मनातून बरं वाटलं होतं, हे कबूल करते. माझी शेवई होती ती.

"कुंदा, शिकून घे तिच्याकडून," तो खाता खाता म्हणाला. "किती दिवस तिच्या हातचं आयतं खाणार तू? अडुसष्ट वर्षांची बाई पहाटे उठून ओट्याशी उभी राहते आणि घरात चाळिशीला आलेली मुलगी. मला तिकडे लोक विचारतात, बहीण असते ना आईजवळ? मी काय सांगू त्यांना? आईच तिला सांभाळते म्हणून सांगू?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आता ती बोलेल. सगळं नको सांगू दे. एवढंच म्हणू दे, की करते रे, तीही करते. तेवढं पुरलं असतं मला. देवाशपथ तेवढंच पुरलं असतं.

आई पदराखाली हात धरून उभी होती. ती म्हणाली, "तिला कुठं जमतंय तसलं."

दादा हसला. "शेवया वाढ आणखी," तो मला म्हणाला.

मी वाढल्या.

त्या दिवशी वाचनालयात मी काय केलं ते मला आठवत नाही. कुणी तरी मासिक मागितलं आणि मी दुसरंच दिलं, एवढं आठवतं. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं. तिला कुठं जमतंय. त्याच सकाळी जिच्या तोंडात मी ब्रश घालून दात घासले होते, ती म्हणते, तिला कुठं जमतंय! मी हिशेब लावला, आणि तो मला पटला. आईला मुलापुढे मिरवायचंय. त्याच्या डोळ्यांत तिला अजून ती हिसका देणारी बाई राहायचंय, आणि त्यासाठी मुलीची माती झाली तरी चालेल. मुलगी काय, घरचीच. तिला दुसरी जागा कुठे आहे?

राग एकदा आत उतरला की माणूस किती थंड डोक्यानं वागू शकतं, ते मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी मी परत आले तेव्हा दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता आणि आई उंबऱ्याशी.

"कुंदा, आईला म्हटलंय, उद्या परत कर शेवया," तो म्हणाला. "परवा पुण्याला जाताना डब्यात नेल्या तर खराब होतील, म्हणून उद्याच पोटभर खाऊन घेतो."

"खा की," मी म्हणाले. चपला काढल्या, पाय धुतले, आणि पदराला तोंड पुसत विचारलं, "दादा, तू आईला शेवया करताना बघितलंयस कधी?"

"लहानपणी बघितलं असेल. का?"

"अरे, तो हिसका बघण्यासारखा असतो. उद्या बस की समोर पाट घेऊन. दरवेळी तू उठतोस तोवर सगळं झालेलं असतं."

"खरंच की!" त्याला ते फारच आवडलं. "आई, उद्या मला उठव. माझ्यासमोर कर. ज्योत्स्नाला तरी शिकवता येईल."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी दोरीवरचे कपडे काढायला वळले.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते. दादा मोरीत दात घासत होता, खाकरण्याचा आवाज येत होता. आई पुढे बघत हळूच म्हणाली, "कुंदे, नको गं."

"काय नको?"

"तुला ठावं हाय काय ते."

मी वेणीचं टोक बांधलं. "का?" मी म्हणाले. "रोज तूच तर करतेस ना?"

ती उठली, पदर खोचायचा प्रयत्न केला, जमला नाही. मीही खोचून दिला नाही.

दादा चहाचा कप घेऊन पाटावर बसला. मी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिले. माझ्या जागेवरून दोघंही नीट दिसत होती.

आणि आई हुशार होती हो. मला अजून नवल वाटतं. ती म्हणाली, "आरं, नुसता बघतोस काय? ऊठ. पेटव गॅस. आपल्या हातानं केल्याबिगर कसं शिकशील?" दादा पोरासारखा हसत उठला. त्यानं गॅस पेटवला. तिनं सांगितलं आणि त्यानं शेवया भाजल्या. "मोहरी टाक. तडतडू दे. आता मिरची. मागं सर, उडंल." कांदा मी आधीच चिरून ठेवलेला होता. त्यानं पिशवीचं रबर काढलं, मटार फोडणीत ओतले, पाणी घातलं, शेवया सोडल्या, झाकण ठेवलं. आई त्याच्या मागे उभी राहून सांगत होती, हात पदरात गुंडाळून. दादा मजेत होता. मला भीती वाटायला लागली की ही यातूनही सुटणार.

झाकणाखालून वाफ यायला लागली.

"आता हिसका," दादा म्हणाला आणि बाजूला झाला. "हे माझं काम नाही. हे तू."

"तूच दे की."

"छे, मी सांडीन सगळं. हेच तर बघायचंय मला."

आईनं माझ्याकडे मान वळवली. "कुंदे," ती म्हणाली, "उलथनं दे गं जरा."

माझ्या अख्ख्या आयुष्यात त्या पदार्थासाठी तिनं उलथनं मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. ते माझ्या उजव्या हाताला, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. दोन पावलं टाकायची, ते काढायचं, आणि 'सर बाजूला, मीच हलवते' म्हणायचं. झालं असतं.

"उलथनं कसलं, आई?" दादा हसला. "उलथनं लावलं की शेवई मेली, तूच सांगायचीस. दे हिसका."

मी हललेच नाही.

आईनं फडकं घेतलं. दोन्ही हात पदरातून बाहेर काढले आणि कढईचे कान धरले. कढई गॅसच्या जाळीवर वाजायला लागली. कडकडकड असा आवाज, सारखा, थांबेचना. दादाच्या तोंडावर हसू अजून तसंच होतं, पण त्याची नजर तिच्या हातांवर गेली होती. "आई, गॅस बारीक करू का?" त्यानं विचारलं. तिनं ऐकलं नाही. तिनं ओठ आवळले आणि कढई उचलली.

ती वर गेली, पण एका बाजूनं. अर्ध्या शेवया ओट्यावर पडल्या, अर्ध्या खाली, तिच्या पायांवर. कढई मोठ्यानं आपटली. मटार फरशीवरून घरंगळत कपाटाखाली, माझ्या पायाशी, मोरीपर्यंत गेले.

आई ओरडली नाही. ती खाली बसली आणि मटार गोळा करायला लागली. तिच्या बोटांत एक दाणा येईना. बोटं त्याला लागायची आणि तो पुढे पळायचा. ती परत हात पुढे करायची.

"आई!" दादानं तिला धरलं. "हे काय? हे काय झालंय तुझ्या हातांना?"

तेव्हा मी बोलले. काय काय बोलले, त्यातलं बरंचसं आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. मी म्हणाले, "बघ. नीट बघ. तीन वर्षं हे असं आहे. काल खाल्ल्यास त्या शेवया माझ्या होत्या. गेल्या वर्षीच्या माझ्या होत्या. भाकरी माझ्या. हिला घास मी भरवते, हिला न्हाऊ मी घालते, हिच्या निऱ्या मी खोचते, आणि आयतं खाणारी मी! माझं आयुष्य गेलं हिच्यापायी, आणि ही म्हणते, तिला कुठं जमतंय!"

बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? छातीवरचा दगड उतरला. दादाचा चेहरा पडलेला बघून तर आणखी बरं वाटलं.

दादानं आईच्या पायांवर गार पाणी ओतलं, मी मलम आणून दिलं. डाव्या पायाचं कातडं लाल झालं होतं. आई पाटावर बसली होती आणि तिचे हात मांडीवर उघडे पडले होते, थरथरत. आता ते लपवायचं तिला कारणच उरलं नव्हतं.

मलम लावून झाल्यावर दादा बोलला. मला वाटलं, तो माझी माफी मागेल. मी वाटच बघत होते त्याची. पण तो आईशी बोलला.

"आई, तू मला शब्द दिला होतास."

"कसला शब्द?" मी विचारलं.

 दादा माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला ते सगळं नीट ऐकावं लागलं. वडिलांचं तेरावं झालं त्या दिवशी तो आईला बडोद्याला नेणार होता. तिकीटसुद्धा काढलं होतं. आई अडून बसली. शेवटी ती म्हणाली होती, हातपाय चालतायत तोवर मला इथंच राहू दे. ज्या दिवशी माझ्याच्यानं चूल होणार नाही, त्या दिवशी तू म्हणशील तिथं येईन, तोंडातून शब्द काढणार नाही. वडिलांच्या फोटोवर हात ठेवून म्हणाली होती.

"म्हणून मी दरवर्षी येऊन बघायचो," दादा म्हणाला. "दर रविवारी विचारायचो, आज कुणी केलं जेवण."

मला एकदम तहान लागली.

"मग मी आहे की," मी म्हणाले. "मी करते ना तिचं सगळं. तिला कशाला न्यायचं?"

"तूच म्हणालीस ना आत्ता, तुझं आयुष्य गेलं तिच्यापायी म्हणून?" दादानं अगदी सरळपणानं विचारलं. "माझं चुकलं, कुंदा. मला माहीत नव्हतं. आता तू मोकळी हो. मी मुलगा आहे तिचा, मी बघतो. घर आहेच, तू राहा इथं."

मी आईकडे बघितलं. ती फरशीवरच्या मटारांकडे बघत होती.

त्या दिवशी आणि रात्रीही मी पुष्कळ भांडले. रागाच्या भरात बोलले असं सांगितलं, शपथा घातल्या, रडले. दादाला वाटलं, कर्तव्य म्हणून किंवा लोक काय म्हणतील म्हणून बहीण असं म्हणतेय. तो मला समजावत राहिला. आणि आईनं एकदाही माझी बाजू घेतली नाही. "शब्द दिलाय त्याला," एवढंच.

जायच्या सकाळी मी तिला शेवटचं लुगडं नेसवत होते. निऱ्या घालता घालता मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू त्याच्याशी भांडली असतीस. भांडलीस की त्याला कळलंच असतं."

"आणि ते? तिला कुठं जमतंय म्हणालीस ते?"

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात डोक्यावर स्थिर राहत नसे, टाळूवर नुसता थडथडत राहायचा.

"तुला जमतंय म्हणाले असते, तर तो काय म्हणाला असता? मग आई, तू रिकामीच हायस, चल. येडे, तुला जमत न्हाई हेच तर माझं इथं ऱ्हायचं कारण हुतं."  मग म्हणाली, "मला तिथं न्हाई करमत गं. मला तुझ्याजवळच ऱ्हायचं हुतं. पर तुझं बी खरंच हाय. माझ्यापायी लई गेलं तुझं."

"नाही गं आई," मी म्हणाले.

"खोच नीट," ती म्हणाली. "गाडीत सुटंल."

मी निऱ्या खोचल्या.

याला आता सव्वीस वर्षं झाली. आई बडोद्याला चौदा महिने राहिली आणि तिथंच गेली. मी दोनदा जाऊन आले. वहिनी वाईट नव्हती. तिनं दोन वेळची बाई लावली होती, औषधं वेळेवर होती, स्वच्छ पांघरूण होतं. स्वयंपाकघरात मात्र आईला कुणी जाऊ देत नव्हतं. सांडेल, भाजेल म्हणून. ते बरोबरच होतं.

फ्रीजरमध्ये दादाची एक पिशवी उरली होती. मी ती काढली नाही, टाकलीही नाही. बर्फानं तिला पार गिळून टाकलं.

आई गेल्यावर पहिल्याच महिन्यात, म्हणजे बडोद्याला गेल्यावर, एका रविवारी सकाळी फोन वाजला. मी उचलला. पलीकडून आधी टकटक असा आवाज आला, बारीक, सारखा. मग आईचा आवाज.

"कुंदे? जेवलीस का गं?"

"आत्ता कुठं, दहा वाजलेत. तू?"

"आमचं झालं की. आज मीच केल्या शेवया. मटार घालून."

टकटक चालूच होती. रिसीव्हर धरायला तिच्याजवळ कुणी नव्हतं. मागे वहिनीचा आवाज आला, "आई, खुर्चीवर बसा बघू, पडाल."

"हो?" मी म्हणाले. "आणि उलथनं नाही ना लावलंस?"

"छ्या! हिसका दिला. येक दाणा सांडला न्हाई."

 मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तू करतीस का?" तिनं विचारलं. "हायत की फ्रीजात मटार. खा की आता. दादाचं म्हणून ठेवू नकोस."

"केल्या काल."

"मग? झाल्या का नीट?"

"नाही गं आई," मी म्हणाले. "मला कुठं जमतंय तसलं."

 पलीकडे फक्त रिसीव्हर चष्म्याच्या काडीवर वाजत राहिला, आणि तो आवाज बंद होईपर्यंत मी फोन ठेवला नाही.